नळ्यांवरचे पांघरूण, छातीतले तंतू

गळीत हंगाम संपला की साखर कारखान्याची धुराडी थंड होतात आणि दुरुस्तीची माणसे आत शिरतात. फिटर, वेल्डर, रंगारी यांची नावे निदान हजेरीपटावर तरी असतात. त्यांच्याबरोबर आणखी एक टोळी येते. बॉयलरवरचे आणि वाफेच्या नळ्यांवरचे जुने आवरण खरवडून काढायचे, खाली पडलेला चुरा पोत्यांत भरायचा, मग नवी लोकर गुंडाळून वर तारेची जाळी आणि ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायचा, हे तिचे काम. कारखान्याच्या भाषेत याला लॅगिंग म्हणतात. औष्णिक वीज केंद्रे, खत कारखाने, तेलशुद्धीकरण प्रकल्प, जहाजांची इंजिनघरे, जिथे जिथे वाफ आणि उष्णता आहे तिथे हे काम आहे. शटडाउनच्या पंधरा-वीस दिवसांत ते उरकावे लागते, म्हणून माणसे तोंडाला रुमाल बांधून दोन-दोन पाळ्या ओढतात. टोळी ठेकेदाराची असते. काम संपले की ती पुढच्या गावाला जाते, आणि तिच्यातल्या कोणाला वीस वर्षांनी जिना चढताना दम लागतो तेव्हा त्याचा या कामाशी संबंध जोडणारा एकही कागद कुठे उरलेला नसतो.

कामगारांच्या आरोग्याची चर्चा आपल्याकडे खाण, दगडाचा क्रशर, कापसाची गिरणी यांपाशी येऊन थांबते. उष्णतारोधक आवरणे चढवणारा आणि उतरवणारा कामगार तिच्यात क्वचितच येतो. वास्तविक ॲस्बेस्टॉस माणसाला काय करते हे जगाला सर्वात ठामपणे कळले ते याच कामगारांमुळे.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात पॅटरसन या गावी डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ यांचा दवाखाना होता. क्षयरोगावर आजही वापरले जाणारे आयसोनियाझिड हे औषध १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ज्या डॉक्टरांनी रुग्णांवर पहिल्यांदा तपासले, त्यांतले हे एक. छातीचे आजार हा त्यांचा रोजचा विषय. ॲस्बेस्टॉसचे काम करणारे रुग्ण त्यांच्याकडे येऊ लागले, तसे काही आजार फार वेळा दिसतात हे त्यांच्या लक्षात आले. कंपन्यांच्या नोंदींच्या भरवशावर हा अभ्यास होणे शक्य नव्हते. मग त्यांनी न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतल्या लॅगिंग कामगारांच्या संघटनेकडे मदत मागितली. या संघटनेने सभासदांची नोंद वर्षानुवर्षे व्यवस्थित ठेवली होती. १९४२ अखेर सभासद असलेल्या ६३२ जणांची नावे मिळाली. त्यांतले कोण जिवंत आहे, कोण कशाने गेले, हे १९६२ पर्यंत एकेक करून शोधण्यात आले.

निष्कर्ष १९६४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. एवढ्या माणसांत एवढ्या काळात फुफ्फुसाच्या आणि त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने सहा-सात मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात ४५ झाले होते. पुढे अमेरिका आणि कॅनडातल्या याच धंद्यातल्या सुमारे १७,८०० कामगारांवर १९६७ ते १९७६ अशी दहा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांतले २,२७१ जण या काळात मरण पावले. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेच्या चौपटीहून अधिक होते. शिवाय मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या किंवा पोटातल्या पातळ आवरणाचा कर्करोग, जो सर्वसाधारण लोकसंख्येत लाखात एखाद्यालाच होतो, त्याने १७५ माणसे नेली.

हे कामगार ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत नव्हते, हे इथे फार महत्त्वाचे आहे. त्या काळी नळ्यांवर जे आवरण चढवत त्यात मॅग्नेशियाचा भाग सुमारे ८५ टक्के आणि ॲस्बेस्टॉस १५ टक्क्यांच्या आसपास असे. काम उघड्यावर किंवा मोठ्या शेडमध्ये, कधी आहे कधी नाही. गिरणीतला कामगार दिवसभर धुळीत उभा असतो, त्यामानाने यांचा संपर्क हलका, असेच सगळे धरून चालले होते. हा समज त्या ६३२ नावांच्या यादीने मोडून काढला.

समज मोडला तरी कायदा हलायला वेळ लागतो. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावची ॲस्बेस्टॉस कामगार नेली केरशॉ १९२४ मध्ये वारली आणि तिच्या फुफ्फुसांचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात आले. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस या सरकारी निरीक्षकांनी ३६३ कामगार तपासले, तर त्यांतल्या ९५ जणांच्या फुफ्फुसात व्रणासारखे तंतुमय जाळे तयार झालेले आढळले. इंग्लंडने लगेच नियम केले, पण ते होते प्रामुख्याने ॲस्बेस्टॉसचे कापड विणणाऱ्या नि माल तयार करणाऱ्या कारखान्यांसाठी. तोच माल जहाजात आणि बॉयलरघरात नेऊन ठोकणारा, कापणारा, खरवडणारा लॅगर त्या नियमांच्या जवळजवळ बाहेरच राहिला. त्याला कायद्याच्या आत यायला १९६९ उजाडले. कारखान्याला दार असते, फाटक असते, निरीक्षकाला जायला पत्ता असतो. फिरत्या टोळीला पत्ता नसतो. नव्वद वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये जी फट राहिली तीच आज आपल्याकडे आहे, आणि आपली तर जास्त रुंद आहे.

ॲस्बेस्टॉसमध्ये एवढे काय आहे? हा खडकातून निघणारा खनिज तंतू आहे. तो जळत नाही, कुजत नाही, आम्लाला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि कापसासारखा विणता येतो. उष्णता अडवायला यापेक्षा स्वस्त काही नव्हते. पण याचा तंतू फाटतो तो उभा. एका तंतूचे दोन, दोनाचे चार, असे करत तो इतका बारीक होतो की माणसाच्या केसाच्या शंभराव्या भागाहूनही कमी जाडीचा उरतो. असा तंतू डोळ्यांना दिसत नाही, हवेत तासन् तास तरंगतो आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतो. तिथे शरीराच्या सफाई कामगार पेशी असतात. बाहेरून आलेला कण गिळून पचवणे हे त्यांचे काम. पण तंतू पेशीपेक्षाच लांब असला की तो अर्धा आत, अर्धा बाहेर राहतो. पेशी त्याला गिळू शकत नाही आणि सोडतही नाही. ती दाहक रसायने सोडत राहते, मरते, तिची जागा दुसरी घेते. वर्षानुवर्षे चाललेल्या या धुमश्चक्रीत फुफ्फुसाचा मऊ स्पंज कडक होत जातो. यालाच ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. तंतू फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत सरकले तर तिथे जाड चट्टे पडतात, आणि काहींच्या बाबतीत मेसोथेलिओमा होतो. त्यातले बहुतेक रुग्ण निदानानंतर वर्ष-दीड वर्षापलीकडे जगत नाहीत.

पहिला संपर्क आणि कर्करोग यांच्यामध्ये साधारण वीस ते चाळीस वर्षे जातात, कधी त्याहूनही अधिक. विशीत सुरू केलेल्या कामाचा हिशेब साठीत चुकता होतो. त्यात विडी-सिगारेट असेल तर गणित आणखी बिघडते. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲस्बेस्टॉसशी संबंध नसलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या माणसाच्या तुलनेत नुसत्या ॲस्बेस्टॉस कामगाराला फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका पाचपट, नुसत्या धूम्रपान करणाऱ्याला अकरापट आणि दोन्ही असणाऱ्याला पन्नासपटींहून अधिक आढळला. कारखान्याच्या फाटकावर ‘धूम्रपान निषिद्ध’ची पाटी आगीच्या भीतीने लावलेली असते. लॅगिंगच्या टोळीला ती का पाळायची याचे दुसरे कारण कोणी सांगत नाही.

धोका कामगारापाशी थांबतही नाही. लंडनमधल्या एका रुग्णालयातल्या मेसोथेलिओमाच्या ७६ रुग्णांचा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले नऊ जण स्वतः कधी ॲस्बेस्टॉसच्या कामाला गेलेले नव्हते. त्यांच्या घरातले कोणीतरी जात होते. कामाचे कपडे घरी यायचे, झटकले जायचे, धुतले जायचे. आपल्याकडे ठेकेदाराच्या कामगाराला कामाच्या जागी आंघोळीची सोय आणि कपडे धुण्याची व्यवस्था किती ठिकाणी मिळते, हे कोणत्याही औद्योगिक वसाहतीत संध्याकाळी उभे राहिले तरी कळेल.

भारतात हा आजार दिसत का नाही, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो, आणि तो विचारण्याचा सूर ‘म्हणजे नसेलच’ असा असतो. तो न दिसण्याची एक वाट दवाखान्यातून जाते. पन्नाशीचा कष्टकरी माणूस खोकला, धाप आणि घटलेले वजन घेऊन येतो. छातीच्या फोटोत सावल्या दिसतात. ज्या देशात क्षयाचे एवढे रुग्ण आहेत तिथे डॉक्टरच्या मनात पहिला क्षयच येणार, आणि त्यात गैर काही नाही. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी औषधे सुरू होतात. सहा महिन्यांनी धाप तशीच असते. मग दुसरा फोटो, दुसरा दवाखाना. क्षयाच्या खुणा बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. ॲस्बेस्टॉसिस तळापासून सुरू होतो. स्टेथोस्कोप पाठीवर खाली टेकवला तर श्वास आत घेताना चिकटपट्टी उघडल्यासारखा बारीक तडतड आवाज येतो. फुफ्फुसाची क्षमता मोजली तर श्वासनळ्या मोकळ्या, पण फुफ्फुस फुगतच नाही असे दिसते. हे ओळखायला फार महागडी यंत्रे लागतात असे नाही. लागतो तो एक प्रश्न : ‘आजवर काय काय कामे केलीत?’ ‘सध्या काय करता?’ एवढेच विचारले तर उत्तर ‘शेतमजुरी’ किंवा ‘वॉचमन’ असे येते आणि विषय संपतो. वैद्यकीय शिक्षणात व्यवसायजन्य आजारांना मिळणारी जागा पाहता हा प्रश्न न विचारला जाण्याचा दोष एकट्या डॉक्टरच्या माथी मारता येणार नाही. पण क्षयाच्या औषधांना दाद न देणाऱ्या, थुंकीत जंतू नसलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर कामाचा पूर्वेतिहास लिहिणे सक्तीचे करायला ना पैसा लागतो, ना नवा कायदा.

कायद्याची बाजू कागदावर तितकी दुबळी नाही. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर दिलेला निकाल या बाबतीत मैलाचा दगड मानला जातो. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. ॲस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर असेल तोवर जपावी, असा आदेश दिला. ज्यांना आजार असल्याचे सिद्ध होईल त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये द्यावेत, असेही सांगितले. २०११ मध्ये संपूर्ण बंदीची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही, पण १९९५ चे निर्देश पाळलेच पाहिजेत हे पुन्हा बजावले.

आता हा चाळीस वर्षांचा आदेश साखर कारखान्यातल्या त्या टोळीला लावून पाहा. कारखाना म्हणेल, आमचा उद्योग साखरेचा, ॲस्बेस्टॉसचा नव्हे. ठेकेदार म्हणेल, माणसे एका शटडाउनपुरती घेतली होती. आणि ठेकेदाराचे दुकानच चाळीस वर्षे टिकत नाही. भरपाईचा कायदा करणाऱ्यांना हे सुचले नव्हते असे नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यात ॲस्बेस्टॉसिस व्यवसायजन्य आजारांच्या यादीत होता, आणि धूळजन्य फुफ्फुसविकार झालेल्या कामगाराने एकाहून अधिक मालकांकडे काम केले असेल तर आयुक्त सर्वांवर आपापल्या वाट्याची जबाबदारी टाकू शकतात, अशी तरतूदही होती. फक्त, कोणकोणत्या मालकांकडे काम केले हे दाखवावे लागते. सेलिकॉफना ६३२ नावे मिळाली कारण संघटनेने वही ठेवली होती. आपल्याकडे ती वहीच नाही. मग ‘भारतात रुग्ण फारसे नाहीत’ हे वाक्य आकडेवारीच्या आधारावर उभे आहे की आकडेवारीच्या अभावावर, हे वाचकांनीच ठरवावे.

जिथे कोणी मुद्दाम जाऊन पाहिले, तिथे आजार सापडला आहे. ‘क्लेमांसो’ या फ्रेंच विमानवाहू नौकेची गोष्ट अनेकांना आठवत असेल. भावनगरजवळच्या अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी ती निघाली, जहाजावर ॲस्बेस्टॉस नेमके किती यावर एकवाक्यता होईना, आणि अखेर फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांनी तिला माघारी बोलावले. पुढे ती इंग्लंडमध्ये तोडली गेली. बातमी तिथे संपली. पण त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून नेमलेल्या तज्ज्ञ समितीसमोर अलंगच्या कामगारांच्या तपासणीचे निष्कर्ष आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या ९४ कामगारांच्या छातीचे फोटो पाहिले, तेव्हा त्यांतल्या १५ जणांत ॲस्बेस्टॉसिसशी जुळणाऱ्या खुणा होत्या. म्हणजे सहामागे जवळपास एक. त्याच वर्षी ‘ब्लू लेडी’ हे प्रवासी जहाज हजार टनांहून अधिक ॲस्बेस्टॉसयुक्त मालासह अलंगला आले, आणि २००७ मध्ये ते तोडायला परवानगीही मिळाली.

महाराष्ट्राला हे लांबचे वाटू नये. मुंबईच्या दारूखान्यात जहाजे तोडण्याचा धंदा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधायला घेतलेली ‘विक्रांत’ २०१४ पासून तिथेच तोडण्यात आली. त्या पिढीतल्या जहाजांच्या इंजिनघरांत ॲस्बेस्टॉसचे लॅगिंग ही सरसकट पद्धत होती. त्याच इंजिनघरांत कोकणातल्या कित्येक पिढ्यांनी नोकरी केली. त्यांच्यापैकी किती जण म्हातारपणी ‘दम्या’ने गेले आणि त्यातला खरा दमा किती, हे आता शोधूनही सापडायचे नाही.

जगात या तंतूवरचा विश्वास केव्हाच उडाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार, भारतात वापरले जाणारे पांढरे ॲस्बेस्टॉस म्हणजे क्रायसोटाइलसुद्धा, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. व्यवसायातून होणाऱ्या ॲस्बेस्टॉसच्या संपर्कामुळे दरवर्षी जगात दोन लाखांहून अधिक मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. युरोपीय संघात बंदी २००५ पासून पूर्ण लागू झाली. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइलवर बंदीचा नियम काढला. जिथे जुने आवरण काढावे लागते तिथल्या कामगारांसाठी युरोपने २०२३ मध्ये हवेतल्या तंतूंची मर्यादा दर घनसेंटिमीटरला ०.१ वरून ०.०१ वर आणली. ०.१ हा आकडा लहान वाटतो. एका पाळीत माणूस साधारण आठ घनमीटर हवा आत घेतो असे धरले, तर त्या मर्यादेत राहूनही आठ लाख तंतू छातीत ओढले जातात. मर्यादा दहापट खाली आणण्यामागे हे गणित आहे.

भारताने ॲस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे परवाने देणे थांबवले, पण आयात चालू ठेवली. जगातल्या सर्वात मोठ्या ग्राहकांत आपण आहोत. यातला बहुतांश माल सिमेंटच्या पत्र्यांत जातो. पत्रे करणाऱ्यांचे म्हणणे असते की सिमेंटमध्ये बांधलेला तंतू उडत नाही. पत्रा अखंड असेपर्यंत त्यात तथ्य आहे. लॅगिंगमधल्या ॲस्बेस्टॉसबाबत मात्र तेही म्हणता येत नाही. तो मऊ, भुसभुशीत असतो, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकून खडखडीत झालेला असतो आणि हाताने चुरगाळला तरी पावडर होतो. बॉयलरच्या दाराला सील म्हणून ‘ॲस्बेस्टॉसची दोरी’ हार्डवेअरच्या दुकानात अजून त्याच नावाने मागितली जाते. जुन्या नळ्यांवर नेमके काय आहे हे रंगावरून किंवा हाताला लागून सांगता येत नाही. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. ही तपासणी न करता जुने आवरण काढायला माणूस चढवणे म्हणजे वीज बंद आहे की नाही हे न पाहता तारेला हात लावायला सांगणे. विजेच्या बाबतीत असे करणाऱ्या मुकादमावर निदान गुन्हा तरी दाखल होतो.

‘आता कुठे ॲस्बेस्टॉस वापरतात? ग्लासवूल, रॉकवूल आले,’ हे उत्तर कारखान्यांत नेहमी ऐकू येते. त्यात बरेच खरे आहे आणि ते मान्य करायला हवे. काचेच्या आणि दगडाच्या लोकरीचा तंतू उभा फाटत नाही, आडवा तुटतो. म्हणून तो आखूड होतो, सफाई पेशींना गिळता येतो. शिवाय तो फुफ्फुसातल्या द्रवात हळूहळू विरघळतो. १९८८ मध्ये या लोकरींवर कर्करोगाच्या बाबतीत ‘संभाव्य’ असा शिक्का होता. २००१ मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने नवा पुरावा तपासून उष्णतारोधक काचलोकर, दगडलोकर आणि धातुमळीची लोकर यांना त्या गटातून बाहेर काढले. वैज्ञानिक संस्था आपला निर्णय सौम्यही करतात, हे ॲस्बेस्टॉसवरच्या त्यांच्या ठाम मताकडे संशयाने पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. या लोकरीने कातडीला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. मास्क आणि हातमोजे लागतातच. पण ॲस्बेस्टॉसशी तिची बरोबरी करणे चूक.

भट्टीच्या आतल्या सिरॅमिक ब्लँकेटचे तसे नाही. फाउंड्रीत, पोलाद कारखान्यात हजार अंशांच्या वर तापणाऱ्या भट्ट्यांना हे पांढरे शुभ्र अस्तर लावतात. त्याचा तंतू बारीक असतो आणि फुफ्फुसात बराच काळ टिकतो. त्याला त्या संस्थेने ‘संभाव्य’ गटातच ठेवले आहे. त्यातली मेख अशी, की नवे ब्लँकेट बसवण्यापेक्षा जुने काढणे अधिक घातक. दीर्घकाळ तापल्यावर ते ठिसूळ होते आणि त्यातल्या काही भागाचे स्फटिकी सिलिकात रूपांतर होते. तेच सिलिका, ज्याने दगड फोडणाऱ्यांना सिलिकोसिस होतो. कोल्हापूरपासून पुण्यापर्यंत फाउंड्रींचा पट्टा आहे. तिथे भट्टीचे अस्तर बदलणाऱ्या माणसाला या बदलाची कल्पना कोणी दिली आहे का, हा प्रश्न उद्योजकांच्या संघटनांनी स्वतःहून विचारायला हरकत नाही.

आणखी एक नवा प्रकार शीतगृहांच्या आणि वातानुकूलित इमारतींच्या भिंतींत आला आहे, फवारून फुगवायचा फोम. इथे तंतूचा प्रश्न नाही, रसायनाचा आहे. फवारताना त्यातली आयसोसायनेट वर्गातली द्रव्ये हवेत येतात आणि ती कामातून होणाऱ्या दम्याची ओळखीची कारणे आहेत. एकदा शरीराने त्यांच्याशी वैर धरले की पुढे अगदी अल्प मात्रेनेही झटका येतो. फोम घट्ट झाल्यावर तिथे राहणाऱ्याला धोका फारसा उरत नाही, फवारणाऱ्याला असतो. त्याला साधा कापडी मास्क देणे म्हणजे न देण्यासारखेच. हवा बाहेरून पुरवणारा मुखवटा लागतो.

उपाय अवघड आहेत म्हणून हे घडत नाही. जुने आवरण आधी पाण्याने नीट भिजवायचे, कोरडे झाडू मारायचे नाहीत, हवेच्या पाइपाने कपडे झटकायचे नाहीत, जागा प्लास्टिकने बंद करायची, चुरा दुहेरी पिशवीत सीलबंद करून घातक कचरा म्हणून पाठवायचा, बारीक तंतू अडवणारा आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क वापरायचा. परदेशी कंपनीचा प्रकल्प असेल तर हे सगळे इथेच, याच माणसांकडून, बिनतक्रार होते. शेजारच्या जुन्या कारखान्यात होत नाही, कारण निविदेत त्याचे पैसे धरलेले नसतात. सर्वात कमी दर भरणाऱ्याला काम द्यायचे आणि त्याने पाणी मारत, प्लास्टिक लावत चार दिवस जास्त घालवावेत अशी अपेक्षा ठेवायची, हे जमणारे नाही. सहकारी कारखाने आणि सरकारी वीज केंद्रे यांच्या निविदेत जुन्या लॅगिंगची तपासणी आणि सुरक्षित काढणी ही स्वतंत्र, दर ठरवलेली बाब म्हणून घातली, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. त्यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याची गरज नाही.

उरला नोंदीचा प्रश्न. संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ठरावीक वर्गातल्या कामगारांची मोफत वार्षिक आरोग्य तपासणी आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, अशा दोन चांगल्या तरतुदी आहेत. पण त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली, म्हणजे छोट्या कार्यशाळा आणखी नजरेआड गेल्या. शिवाय तपासणी मालक करणार, आणि इथे मालक दर पंधरवड्याला बदलतो. म्हणून नोंद कारखान्याजवळ ठेवून भागणार नाही, ती कामगाराबरोबर फिरली पाहिजे. महाराष्ट्रात बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते आणि बांधकामांवरच्या उपकरातून त्याला निधी मिळतो. इमारतींतले इन्सुलेशनचे काम करणारे त्यात येऊ शकतात. कारखान्यांतल्या लॅगिंगच्या टोळ्यांनाही तिथेच, किंवा तशाच एखाद्या मंडळात घेता येईल. दाखल्याच्या नमुन्यात दोन रकाने वाढवावे लागतील : कोणता माल हाताळला, आणि कोणत्या ठिकाणी. त्याच्या जोडीला पहिल्या वर्षी एक छातीचा फोटो आणि श्वासक्षमतेची चाचणी, पुढे ठरावीक वर्षांनी पुन्हा, आणि काम सोडल्यानंतरही ती चालू. यंदाच्या दुरुस्तीला जो मुलगा विसाव्या वर्षी पहिल्यांदा बॉयलरवर चढेल, त्याच्या तपासणीची खरी गरज त्याच्या चाळिशीनंतर लागणार आहे. तेव्हा त्याच्या हातात दाखवायला काय असेल, ते येत्या ऑफ सीझनच्या निविदा निघण्यापूर्वी ठरायला हवे.